क्विनोआ धुवायचा कशासाठी?

गेल्या काही वर्षांत अमरावती, अकोला यांसारख्या शहरांतील मोठ्या किराणा दुकानांत एक नवे धान्य दिसू लागले आहे. दाणा बारीक, चपटा, राजगिऱ्याच्या साधारण दुप्पट आणि रंगाने पिवळसर पांढरा. पाकिटावर नाव असते क्विनोआ. कुणाच्या घरी ते आहाराचा सल्ला म्हणून येते, कुणाच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे घेऊन येतात. पुष्कळदा असे होते की, पहिल्या दिवशी त्याची खिचडी केली जाते, ती कडवट लागते, घरातील मंडळी तोंड वाकडे करतात आणि उरलेले पाकीट फळीवर मागे सरकते. महागाचे धान्य वाया जाते ते वेगळेच.

विद्यार्थी मित्रांनो, हा कडूपणा कोठून आला? तो घालवता येतो काय? आणि एवढी किंमत मोजण्याइतके या धान्यात खरोखर काय आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या स्वयंपाकघरातच शोधता येतात. त्यासाठी लागणारी सामग्रीही घरातलीच आहे : एक काचेची बाटली, थोडा रिठा, थोडी ज्वारी आणि आपली बेरीज-वजाबाकी.

चाकवताचा भाऊबंद

ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ ही सगळी गवताच्या कुळातील धान्ये आहेत. मेळघाटात पिकणारे कोदो आणि कुटकीही त्याच कुळातली. क्विनोआ मात्र गवत नाही. त्याला रुंद पाने असतात, फांद्या फुटतात आणि शेंड्याला राजगिऱ्यासारखे तुरे येतात. म्हणून अशा धान्याला शास्त्रज्ञ छद्मधान्य म्हणतात. छद्म म्हणजे सोंग घेतलेले. राजगिराही छद्मधान्यच आहे, आणि तो क्विनोआच्याच कुळातला आहे. पालक आणि बीट हीही त्याच कुळातील मंडळी.

पण क्विनोआचा एक जवळचा नातेवाईक आपल्या रब्बीच्या शेतात न पेरता उगवतो. तो म्हणजे चाकवत. गहू, हरभऱ्याच्या पिकांत तण म्हणून येणारा हाच चाकवत हिवाळ्यात डाळ घालून, ताक लावून आपण आवडीने खातो. चाकवताचे शास्त्रीय नाव चेनोपोडियम आल्बम आणि क्विनोआचे चेनोपोडियम क्विनोआ. नावाचा पहिला भाग एकच आहे, म्हणजे दोघेही एकाच प्रजातीगटातले. चाकवत आपण पानांसाठी खातो. हिमालयातील काही डोंगराळ भागांत मात्र त्याचे दाणेही धान्य म्हणून खाल्ले जातात.

क्विनोआचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नावाचे विशाल सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या थंड, कोरड्या पठारांवर काही हजार वर्षांपासून हे पीक घेतले जाते. तेथील केचुआ भाषेत त्याचा उच्चार साधारण 'किनवा' असा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून त्याचे नाव जगभर झाले. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले गेले. त्यात आपल्या ज्वारी-बाजरीचा मान होता.

कडू कशासाठी?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे शेतावर उतरतात. मग मचाण बांधून, गोफण फिरवून राखण करावी लागते. अँडीजच्या शेतकऱ्यालाही पाखरांचा त्रास आहेच. पण क्विनोआने आपली राखण काही अंशी आपणच केली आहे. त्याच्या दाण्याच्या बाहेरच्या आवरणात सॅपोनिन नावाचे कडू पदार्थ असतात. पाखराने चोच मारली की त्याला तो कडूपणा जाणवतो आणि ते दुसरीकडे वळते. क्विनोआच्या काही गोड जातीही आहेत, त्यांत सॅपोनिन कमी असते. पण अशा जातींना पाखरांचा उपद्रव अधिक होतो.

सॅपोनिन हे नाव लॅटिनमधील साबण या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ते तुम्हांला अपरिचित नाही. रिठ्याने केस धुतले असतील, शिकेकाई लावली असेल, तर त्यांचा फेस सॅपोनिनचाच. सॅपोनिनच्या रेणूची दोन टोके दोन स्वभावांची असतात. एका टोकाला शर्करेचे भाग असतात, ते पाण्यात रमतात. दुसरे टोक तेलकट पदार्थांत रमते. असा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन उभा राहतो, पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि पाणी हलवले की बुडबुडे टिकून राहतात. तेलकट मळ सुटतो तोही याच गुणामुळे.

म्हणजे न धुतलेला क्विनोआ शिजवणे हे भाताच्या पातेल्यात चिमूटभर रिठ्याची पूड टाकण्यासारखेच आहे. थोडे सॅपोनिन पोटात गेल्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र प्रमाण वाढले तर पोटात मळमळ, जळजळ होऊ शकते. चव बिघडते ती तर पहिल्याच घासाला.

धुण्याची रीत

सुदैवाची गोष्ट अशी की, सॅपोनिन दाण्याच्या बाहेरच्या थरात असते आणि ते पाण्यात विरघळते. म्हणून ते काढण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

एक वाटी क्विनोआ पातेल्यात घ्या. त्यात दोन-तीन वाट्या थंड पाणी घाला. दाणे दोन्ही तळहातांत घेऊन हलकेच चोळा. पाण्यावर फेस येईल. ते पाणी काढून टाका आणि पुन्हा नवे पाणी घ्या. साधारण तीन-चार वेळा असे केले की फेस येईनासा होतो. फेस थांबला की धुणे पुरे झाले, असे समजावे. शेवटी एक-दोन दाणे चावून पाहा. जिभेला कडू लागले नाहीत म्हणजे झाले. दाणा बारीक असल्याने साध्या चाळणीतून तो निसटतो. म्हणून पाणी गाळण्यासाठी चहाची गाळणी किंवा स्वच्छ पातळ फडके घ्यावे.

काही पाकिटांवर 'धुतलेला' असे छापलेले असते. कारखान्यात दाणे घासून किंवा धुऊन आवरण काढलेले असते. तरीही घरी एकदा फेसाची परीक्षा घ्यावी. सॅपोनिन उरले असेल तर फेस ते सांगतोच.

आणखी एक सूचना. क्विनोआचे पीठ करायचे असेल तर आधी दाणे धुवावेत, उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मगच दळावेत. न धुता दळले तर आवरणातील कडूपणा साऱ्या पिठात मिसळतो, आणि पीठ काही धुता येत नाही.

शिजताना काय होते?

एक वाटी धुतलेल्या क्विनोआला दोन वाट्या पाणी घ्यावे. पाण्याला उकळी आली की दाणे व मीठ घालावे, आच मंद करावी, झाकण ठेवावे. साधारण पंधरा मिनिटांत पाणी आटते. मग पातेले खाली उतरवून झाकण न काढता पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. आतील वाफेने दाणे मोकळे होतात. एका वाटीचे सुमारे तीन वाट्या अन्न होते. शिजवण्यापूर्वी दाणे कोरड्या कढईत खमंग भाजून घेतले तर चव चांगली येते. मात्र धुतलेले दाणे आधी निथळून कोरडे करावेत.

शिजलेला दाणा नीट पाहा. तो अर्धपारदर्शक झालेला असतो आणि त्याच्या कडेने एक पांढरी, वळलेली शेपटी सुटलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अळी वाटते! पण ती अळी नव्हे. तो आहे क्विनोआचा भ्रूण, म्हणजे बीजातील भावी रोपटे.

ज्वारीच्या दाण्यात भ्रूण खालच्या टोकाला लहानशा जागेत बसलेला असतो आणि बाकी सारा दाणा पिष्टाने भरलेला असतो. गव्हाच्या दाण्यात तर भ्रूणाचे वजन दाण्याच्या शेकडा तीन भागांहून अधिक नसते. क्विनोआमध्ये रचना उलट आहे. मध्यभागी पिष्ट आणि त्याच्या भोवती कड्यासारखा गुंडाळलेला मोठा भ्रूण. दाण्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा या भ्रूणाचाच असतो. प्रथिने आणि स्निग्धांश मुख्यतः भ्रूणात साठलेले असतात. भ्रूण मोठा, म्हणून प्रथिने जास्त. क्विनोआच्या कीर्तीचे रहस्य असे त्या पांढऱ्या शेपटीत आहे. त्याच कारणाने त्याच्या पिठाला खवट वास लवकर येतो. तेव्हा दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि लागेल तेवढेच दळावेत.

वऱ्हाडी चुलीवर

नवे धान्य आले म्हणजे नवे पदार्थ शिकले पाहिजेत असे नाही. आपल्या जुन्या रीतीच येथे उपयोगी पडतात.

वऱ्हाडात ज्वारीच्या कण्या करतात. त्याच रीतीने क्विनोआ थोडे जास्त पाणी घालून मऊ शिजवावा, मीठ-जिरे घालावे आणि ताकाबरोबर खावा. तो कण्यांसारखाच लागतो आणि वेळ कमी घेतो. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून उपमाही चांगला होतो. त्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

खिचडी करताना मुगाची डाळ अर्धा तास भिजवून घ्यावी, म्हणजे ती आणि क्विनोआ जवळपास बरोबरच शिजतात. तुरीच्या डाळीला वेळ जास्त लागतो. ती शिजेपर्यंत क्विनोआचा लगदा होतो. म्हणून तुरीचे वरण वेगळे शिजवावे.

नुसत्या क्विनोआच्या पिठाची पोळी मात्र लाटता येत नाही. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन असते, ते येथे नाही. ते ज्वारीतही नाही. मग भाकर कशी थापली जाते? आपल्या आया-आज्या पीठ गरम पाण्यात मळतात. उष्णतेने पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि पीठ बांधून ठेवतात. तीच युक्ती येथे करावी. ज्वारीचे चार भाग पीठ व क्विनोआचे एक भाग पीठ घेऊन गरम पाण्यात मळावे. भाकर नीट थापता येते.

उपवासाला क्विनोआ चालतो काय, असेही काही जण विचारतात. राजगिरा चालतो, आणि क्विनोआ राजगिऱ्याच्या कुळातला आहे, एवढे वनस्पतिशास्त्र सांगू शकते. पुढचा निर्णय घरातील आजीवर सोपवावा हे बरे!

प्रथिनांचे गणित

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. शंभर ग्रॅम कोरड्या क्विनोआत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत सुमारे १०, राजगिऱ्यात १३ ते १४ आणि तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम. हे आकडे कोरड्या दाण्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवा. शंभर ग्रॅम क्विनोआ शिजून सुमारे तीनशे ग्रॅम होतो, म्हणून शंभर ग्रॅम शिजलेल्या क्विनोआत प्रथिने चार ग्रॅमच्या थोडी वरच असतात. जाहिरात वाचताना आकडा कोरड्या दाण्याचा आहे की शिजलेल्या, हे आधी पाहावे.

पण प्रथिने किती, एवढाच प्रश्न नसतो. ती कशी आहेत, हेही पाहावे लागते. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आपल्या शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसीन हे त्यांपैकी एक. गवतकुळातील धान्यांत नेमकी त्याचीच उणीव असते. प्रौढ माणसाच्या आहारातील दर १०० ग्रॅम प्रथिनांत साधारण ४.५ ग्रॅम लायसीन असावे, असे आहारतज्ज्ञ मानतात. क्विनोआच्या प्रथिनांत ते ५ ते ६ ग्रॅम असते. ज्वारीच्या प्रथिनांत मात्र केवळ २.३ ग्रॅमच्या आसपास.

येथे क्विनोआ जिंकला असे वाटेल. पण थांबा. वऱ्हाडात नुसती ज्वारी कोण खातो? भाकरीबरोबर वरण असते. तुरीच्या प्रथिनांत लायसीन सुमारे ६.५ ग्रॅम असते. शंभर ग्रॅम ज्वारी आणि पन्नास ग्रॅम तूरडाळ घेऊन आपण हिशेब करू.

ज्वारीची प्रथिने १० ग्रॅम, त्यांत लायसीन ०.२३ ग्रॅम.
तूरडाळीची प्रथिने ११ ग्रॅम, त्यांत लायसीन सुमारे ०.७२ ग्रॅम.
एकूण प्रथिने २१ ग्रॅम, एकूण लायसीन ०.९५ ग्रॅम.

०.९५ ला २१ ने भागून १०० ने गुणले की उत्तर येते सुमारे ४.५. म्हणजे भाकर आणि वरण एकत्र आले की उणीव भरून निघाली! ज्वारीत जे कमी ते तुरीत जास्त. शिवाय मेथिओनीन नावाचे दुसरे अमिनो आम्ल तुरीत कमी असते, ते ज्वारीतून मिळते. अमिनो आम्लांची नावेही ठाऊक नसताना आपल्या पूर्वजांच्या ताटात ही जोडी बसली होती.

मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे. दोन भाग ज्वारीला एक भाग डाळ हवी. डाळ महागली की वरणात पाणी वाढते. भाकरी तितक्याच राहतात, पोट भरते, पण लायसीन कमी पडते. वाढत्या वयाच्या मुलांना तर त्याची गरज अधिक. नुसत्या भाकरी-ठेच्यावर किंवा चहा-पोळीवर शाळेत येणाऱ्या मुलाच्या ताटातील खरी उणीव क्विनोआची नसून घट्ट वरणाची असते. ज्या घराला क्विनोआ परवडतो त्याने तो खुशाल खावा, धान्य चांगलेच आहे. पण ज्याला तो परवडत नाही त्याने आपल्या मुलांना काही कमी पडते असे मानून खंत करण्याचे कारण नाही. तेच पैसे डाळीवर घातले तर फळ तेच मिळते, आणि अधिक मिळते.

वऱ्हाडात पिकेल काय?

तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांच्या मनात आणखी एक प्रश्न आला असेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, बाळापूर या भागांतील विहिरींचे पाणी कित्येक ठिकाणी इतके खारे असते की ते पिण्याच्या कामाचे नाही आणि ओलिताच्याही नाही. क्विनोआ खारेपणा चांगला सोसतो. अँडीजमध्ये तो मिठाच्या विस्तीर्ण मैदानांच्या कडेलाही पिकतो. मग तो येथे का पेरू नये?

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर सरळ नाही. खारपाणपट्ट्याची अडचण केवळ मिठाची नाही. तेथील काळ्या चिकण मातीत सोडियम जास्त असते, त्यामुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा होत नाही. क्विनोआला मीठ सोसते, पण मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही. त्याला फुलोऱ्याच्या वेळी कडक उन्हाळाही मानवत नाही. म्हणजे घ्यायचाच तर तो पावसाळा संपल्यावर, रब्बीत घ्यावा लागेल. भारतात राजस्थान आणि आंध्र प्रदेशाच्या काही कोरड्या भागांत तो घेतला गेला आहे. आपल्या मातीत काय होईल, हे शेतात लहान तुकड्यावर पेरून, मोजमाप करूनच ठरवावे लागते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले ते अशाच कामासाठी. कोणतेही नवे पीक साऱ्या शेतात पेरण्यापूर्वी तेथील तज्ज्ञांना विचारावे, आणि माल घेणार कोण, हेही आधी पाहावे.

चाकवताच्या कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते, तशीच क्विनोआच्या पानांवरही असते. भिंगातून पाहिली तर ती काचेच्या मण्यांसारख्या फुगीर पेशींची रास असल्याचे कळते. या पेशींत वनस्पती नको असलेले मीठ साठवते, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. पण २०२२ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अशा पेशी नसलेली क्विनोआची रोपे खाऱ्या पाण्यावर वाढवून पाहिली. ती रोपेही तितकाच खारेपणा सोसत होती! मात्र किडींचा त्रास त्यांना अधिक झाला. म्हणजे पानावरची ती भुकटीही, दाण्यावरच्या सॅपोनिनसारखी, मुख्यतः राखणीच्याच कामाची. प्रयोग केल्याखेरीज समजूत पक्की मानू नये, असा हा धडा आहे.

करून पाहा

१. सारख्या आकाराच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धा पेला पाणी घाला. पहिलीत एक चमचा न धुतलेला क्विनोआ, दुसरीत धुतलेला क्विनोआ, तिसरीत ज्वारी आणि चौथीत रिठ्याच्या सालीचे दोन तुकडे टाका. झाकणे लावून प्रत्येक बाटली अर्धा मिनिट सारख्याच जोराने हलवा. पाच मिनिटांनी पट्टीने फेसाची उंची मोजा आणि वहीत लिहा. क्विनोआ नसेल तर राजगिरा घेऊन पाहा.

२. शिजलेल्या क्विनोआचा एक दाणा सुईने उलगडा, भिंगाखाली भ्रूण पाहा आणि आकृती काढा. शेजारी रात्रभर भिजवलेल्या ज्वारीच्या दाण्याची आकृती काढा.

३. हिवाळ्यात शेतातून चाकवताचे पान आणून त्यावरील भुकटी भिंगातून पाहा. बोटाने पुसली तर काय होते, याची नोंद करा.

४. आपल्या गावातील दुकानातून ज्वारी, राजगिरा, तूरडाळ आणि क्विनोआ यांचे किलोचे भाव विचारून घ्या. प्रत्येक भावाला त्या धान्यातील प्रथिनांच्या टक्केवारीने भागा. येणारे उत्तर म्हणजे १० ग्रॅम प्रथिनांना पडणारे रुपये. उदाहरणार्थ, एखाद्या धान्याचा भाव ५० रुपये किलो आणि प्रथिने शेकडा १० असतील, तर १० ग्रॅम प्रथिने ५ रुपयांना पडली. शिक्षकांनी हा तक्ता वर्गाच्या फळ्यावर मांडावा आणि दर दोन महिन्यांनी नवे भाव घालून पुन्हा करावा. डाळीचा भाव चढला की घरच्या वरणाचे काय होते, हेही मुलांना त्याच वेळी विचारावे.